माळवदाचं घर न पाडता भूकंपासाठी बळकट करताना

किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती भिंतीच्या दगडांखाली आणि माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या, मातीखाली. तारीख ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून आलेली गावं गाढ झोपेत होती. धक्का रिश्टर मापावर ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम, तरी औसा आणि उमरगा तालुक्यांच्या पट्ट्यात जवळपास ८,००० लोक दगावले. उजाडल्यावर अनेक घरांत एक गोष्ट दिसली. भिंती जमीनदोस्त झालेल्या, आणि त्या ढिगाऱ्याच्या मधोमध खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा.

त्या सांगाड्यावर या लेखाचा सगळा भर आहे. मराठवाड्यातल्या खणाच्या घरात भूकंपाशी झुंजणारी वस्तू आधीपासूनच असते, ती बाहेरून आणावी लागत नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं, तिचे सांधे पक्के करायचे आणि भोवतीची दगडी भिंत सुटून अंगावर येणार नाही अशी बांधून घ्यायची. कामाचा क्रमही हाच. आधी माती, मग लाकूड, मग दगड. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

घराची रचना नीट समजून घ्या

जमिनीवर दगडी उथळा, म्हणजे बैठकीचा दगड, त्यावर लाकडी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, म्हणजे तुळई पेलणारा लाकडी तोडा, हस्तावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, म्हणजे बारीक लाकडी वासे, कड्यांवर फळ्या किंवा चिपा, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचे थर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. भोवती दोन ते तीन फूट जाडीची दगडी भिंत, चिखलात बांधलेली. बहुतेक खांब भिंतीला चिकटून किंवा निम्मे भिंतीत गाडलेले असतात.

बाहेरून एकजीव दिसणाऱ्या या घरात खरं तर दोन वेगळी बांधकामं शेजारी-शेजारी उभी असतात. सांगाडा हलका आणि लवचिक, भिंत जड आणि ताठ. जमीन हलली की दोन्ही आपापल्या चालीनं डोलतात आणि एकमेकांवर आपटतात. काश्मीरच्या धज्जी-देवारी बांधणीत असं होत नाही, कारण तिथे लाकडी चौकटीतच तिरप्या पट्ट्या मारून जेमतेम चार-पाच इंच जाडीचं दगडविटांचं पातळ भरण केलेलं असतं. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन शहर पुन्हा उभारताना घरांच्या भिंतींत जो लाकडी 'पिंजरा' बसवला, त्यातही चौकटीला फुल्या होत्या. आपल्या खणात फुली नाही. खांब उभा, तुळई आडवी, तिरपं काहीच नाही. चौकोनी चौकट एका कोपऱ्यावर ढकलली की सहज कलते. आजवर ती कलली नाही याचं एक कारण भोवतीची भिंत, आणि भूकंपात नेमकी तीच आधी जाते.

भिंतीचं दुखणं तिच्या पोटात असतं. आतल्या बाजूला दगडांचा एक पदर, बाहेरच्या बाजूला दुसरा, आणि मधे बारीक दगड, कपऱ्या आणि चिखल. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत सापडतच नाही. हादऱ्यानं मधली भर खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर ढकलते आणि भिंत उभी चिरली जाते. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज म्हणूनच घातक आहे. तीन फुटी भिंत म्हणजे जेमतेम फूट-फूटभराच्या दोन सुट्या भिंती, आणि मधे त्यांना फाडणारा भराव.

पाहणी: दोन दिवस आणि चार साधी अवजारं

ओळंबा, हातोडा, जाड स्क्रूड्रायव्हर आणि टेप एवढं पुरतं. वहीत घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक खांबाला नंबर द्या.

माळवदाची जाडी साण्याच्या, म्हणजे छतातल्या उजेडाच्या झरोक्याच्या, कडेला मोजा. तिथे मातीचे थर उघडे दिसतात, वर्षावर्षाचे, पुस्तकाच्या पानांसारखे. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरवर्षी नवी माती टाकली जाते आणि जुनी कधीच काढली जात नाही, म्हणून मुळात सात-आठ इंचांचं माळवद दोन-अडीच फुटांवर पोचतं. माप तीन-चार ठिकाणी घ्या, कारण पन्हाळीकडे ते पातळ आणि विरुद्ध बाजूला जाड असतं.

खांब तळाशी हातोड्यानं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर स्क्रूड्रायव्हर टोचा. पाऊण इंचापेक्षा जास्त आत सहज गेला तर तो भाग कापून काढावा लागणार. भिंतीत गाडलेल्या खांबाची मागची बाजू दिसत नाही, पण कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. अशा प्रत्येक खांबाजवळचे दोन-तीन दगड काढून आत बघितल्याशिवाय त्याला 'चांगला' हा शेरा देऊ नका. सागाचा खांब शंभर वर्षं टिकेल, पण भिंतीतल्या ओलीपुढे सागही हरतो. बाभूळ आणि कडुनिंबाचे खांब तर आधी तपासा.

कड्यांची टोकं कशावर टेकली आहेत ते लिहून ठेवा. सगळ्या पाहणीत ही नोंद सगळ्यांत मोलाची. शेवटची रांग तुळईवर टेकली असेल तर भिंत पडली तरी छत टिकू शकतं. ती थेट भिंतीवर टेकली असेल तर भिंतीबरोबर छतही येणार.

भिंतीवर ओळंबा सोडा. नऊ फूट उंचीच्या भिंतीला मधे दोन इंचांपेक्षा जास्त पोट सुटलेलं दिसलं तर दोन्ही पदर वेगळे झाले आहेत असं समजा. हातोड्यानं ठोकल्यावर पोकळ आवाज आला तरी तेच.

काळ्या जमिनीवरच्या घरांना भेगा पडतातच. माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि भेग त्याप्रमाणे उघडते-मिटते. अशा भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा लावून तारीख लिहून ठेवा. पट्टा ऋतू बदलताना तडकला तर दुखणं पायाचं आहे, ते वेगळं सोडवावं लागेल. कोपऱ्यातली वर रुंद आणि खाली अरुंद होत जाणारी उभी भेग मात्र दोन भिंती एकमेकींपासून सुटत असल्याची खूण. तिला थांबायला वेळ देऊ नका.

ही पाहणी झाल्यावर वही घेऊन एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. दुरुस्ती आणि बळकटीकरणासाठी भारतीय मानक १३९३५ आहे, चिखलात बांधलेल्या कमी ताकदीच्या दगडकामासाठी १३८२८ आहे. या दोहोंची नावं घेऊन विचारलंत तर समोरचा माणूस अशा घरावर काम केलेला आहे की नाही ते लगेच कळतं.

पहिलं काम: माळवद उतरवणं

हिशेब आधी डोळ्यांसमोर ठेवा. ३ मीटर बाय ४.५ मीटरची एक खोली, वर ६० सेंटिमीटर माती. दाबलेल्या कोरड्या मातीचं वजन घनमीटरला १,७०० किलो धरलं तर या एका खोलीच्या डोक्यावर जवळजवळ १४ टन आहेत. मुरलेल्या पावसात त्याहून जास्त. तीच माती २० सेंटिमीटरवर आणली की साडेचार टन उरतात. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो, त्यामुळे लाकडाला हात न लावता सांगाड्यावर येणारा आडवा जोर जवळपास एक तृतीयांशावर येतो. बाकीच्या कुठल्याही कामातून इतक्या कमी पैशात एवढा फायदा मिळत नाही. खोलीमागे साधारण दोन ब्रास माती खाली येईल. तिच्यासाठी जागा आधी ठरवा, कारण भिंतीला टेकवून ढीग मारला तर ओल थेट भिंतीत जाते.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घ्या. मृगाच्या आत वरचा थर पुन्हा बसलेला हवा.

आधी खालून टेकू द्या, विशेषतः वाकलेल्या तुळयांना आणि कुजक्या खांबांशेजारी. मग माती थरांनी काढा, एका वेळी अर्धा फूट, पूर्ण छतावरून सारखी. बहुतेक चुका इथे होतात. मजूर एका कोपऱ्यात खोल खणत जातात, निम्मं छत रिकामं आणि निम्मं भरलेलं राहतं, सांगाडा एका बाजूला झुकतो आणि जुने सांधे उघडतात. काढलेली माती छतावरच ढिगानं साठवणं तर त्याहून वाईट. पाच-सहा माणसांपेक्षा जास्त वर चढवू नका आणि कोणालाही कड्यांच्या मधल्या फळीवर पहार आपटू देऊ नका. पांढरी माती वेगळी ठेवा, वरच्या थराला तीच लागणार.

फळ्या उघड्या पडल्या की कुजलेल्या फळ्या आणि चिपा बदला. प्रत्येक कडी तुळईवर जिथे बसते तिथे सहा इंची खिळा तिरका मारा किंवा लोखंडी पट्टीनं बांधा. नुसत्या ठेवलेल्या कड्या हादऱ्यात घसरून खाली येतात. शक्य असेल तर फळ्यांवर कर्णरेषेत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक इंच जाडीच्या आणि चार इंच रुंदीच्या पट्ट्या ठोकून घ्या. छत त्यामुळे एका ताटासारखं एकत्र हलतं आणि सगळे खांब भार वाटून घेतात.

मग परत भरायचं. खाली दोन इंच मऊ चिखल, खडे काढलेला. त्यावर २५० मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद अखंड पसरा. जोड आलाच तर एक फूट चढवा, आणि चढ उताराच्या दिशेनं ठेवा म्हणजे वरचं पाणी जोडात शिरणार नाही. कडेला कागद कठड्याच्या आत वर वळवा. त्यावर सहा इंच पांढरी माती, पन्हाळीकडे मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार देऊन, हलक्या हातानं धुम्मस करून. सगळं मिळून आठ इंच, म्हणजे २०० मिमी. कागदामुळे गळती थांबते, आणि गळती थांबली की दरवर्षी माती चढवण्याचं कारणच राहत नाही. कागद न टाकता नुसती माती कमी केलेली छतं चार-पाच पावसाळ्यांत पुन्हा जाड होतात. उन्हाळ्यातला माळवदाचा गारवा आठ इंच मातीतही बऱ्यापैकी मिळतो.

कठड्याचे सुटे दगड काढून टाका. ते सगळ्यांत वर, सगळ्यांत सैल, आणि खाली दरवाजाबाहेर पळणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडतात.

दुसरं काम: लाकडाचे सांधे

छत हलकं झाल्यावर सुताराला बोलवा, आधी नाही. भार असताना सांधा उघडता येत नाही.

कुजलेला पाय कापायचा तर खांबाला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन तुळई सूतभर उचला. चांगल्या लाकडापर्यंत कापा आणि नवा तुकडा अर्ध्यावर अर्धा असा चढवून जोडा. चढ निदान दीड फूट लांब हवा, त्यात १२ मिमीचे चार बोल्ट, वायसर मोठे, ५० मिमीचे. नवा तुकडा वाळलेल्या लाकडाचा असावा. ओलं लाकूड वर्षभरात आकसतं, बोल्ट ढिले पडतात आणि सांधा खुळखुळ्यासारखा होतो. बोल्ट तरीही एका वर्षानं पुन्हा आवळायचे, ही तारीख वहीत लिहून ठेवा. कापलेल्या टोकांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण दोनदा पाजा.

खांबाचा पाय उथळ्यावर नुसता ठेवलेला असतो. थोडं सरकणं चालतं, त्यानं जोर मोडतो, पण पाय उथळ्यावरून उतरला की खण बसला. खांबाच्या दोन बाजूंना ४० बाय ५ मिमीच्या लोखंडी पट्ट्या उभ्या लावा. प्रत्येकीची लांबी अडीच फूट, वरच्या अर्ध्या भागात दोन बोल्ट आरपार, खालचा भाग उथळ्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये गाडलेला. काँक्रीट लाकडाला लागू देऊ नका. खांबाभोवती काँक्रीटचा ओटा करायची पद्धत गावोगाव दिसते. दिसायला ते भक्कम, पण आत पाणी अडतं आणि पाच-सात वर्षांत खांबाचा भुसा होतो. लाकूड फरशीपासून दोन इंच वर आणि सगळीकडून हवेत असलं पाहिजे.

आता तिरपे टेकू. सांगाड्यात जे नाही ते आपण इथे घालतो. प्रत्येक खांबाच्या डोक्यापाशी, खांबावर दोन फूट खाली आणि तुळईवर दोन फूट बाजूला, ४५ अंशात टेकू बसवा. त्याची लांबी सुमारे ८५० मिमी येते. लाकूड ७५ बाय १०० मिमीचं, दोन्ही टोकांना १२ मिमीचा एक-एक बोल्ट आणि दोन-दोन मोठे खिळे. टोकं नीट कोनात कापून खांबाला आणि तुळईला घट्ट टेकली पाहिजेत. मधे फट राहिली तर पहिल्या धक्क्याचा सगळा मार एकट्या बोल्टवर येतो आणि लाकूड चिरतं. फट पडलीच तर लोखंडी पाचर मारून भरा, प्लास्टर किंवा भुसा-गोंद नको. नक्षीदार हस्त काढू नका. टेकू हस्ताच्या बाजूनं, जोडीनं, दोन पातळ लाकडांचा करता येतो.

सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे दुसरी दिशा. तुळई एकाच दिशेला धावते, त्या दिशेला टेकू सहज बसतात आणि सुतार काम संपलं म्हणून निघून जातो. आडव्या दिशेला खांबाला धरायला फक्त कड्या असतात, त्याही वरून ठेवलेल्या. तिथे खांबाच्या रेषेत, तुळईच्या लगेच खाली, खांबापासून खांबापर्यंत १०० बाय १२५ मिमीची नवी आडवी बसवा, बोल्टानं जोडा, आणि तिला तसेच टेकू द्या. भूकंप कुठल्या दिशेनं येईल ते घराच्या तोंडावर ठरत नाही.

ज्या बाजूला कड्या थेट भिंतीवर टेकल्या आहेत, त्या बाजूला भिंतीच्या आतून चार-पाच इंच सोडून नवे खांब आणि नवी तुळई उभी करा. कड्या तिच्यावर टेकवून भिंतीचं ओझं काढून घ्या. खोलीची जवळजवळ फूटभर जागा जाते. ती जाऊ द्या.

तिसरं काम: भिंत शिवणं

फुगलेली भिंत बाहेरून प्लास्टर करून दाबता येत नाही. पोट सुटलेला भाग उतरवूनच बांधावा लागतो, एका वेळी मीटरभर लांबीचा तुकडा, शेजारचा भाग न हलवता. परत बांधताना जाडी ४५० मिमीच्या वर नेऊ नका. दोन फुटांपेक्षा जास्त उंची एका दमात चढवू नका, आणि प्रत्येक दोन फूट उंचीला, दर १.२ मीटरवर, पूर्ण जाडीचा आरपार दगड घाला. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर दोन्ही टोकांना वळवलेली सळई काँक्रीटमध्ये गुंडाळून घाला. काटकोनातल्या दुसऱ्या भिंतीचा आधार नसलेली सलग लांबी ५ मीटरच्या आत असावी, जास्त असेल तर मधे भिंतीला टेका देणारं टेकण बांधा. खिडकीच्या वरचा भाग पुन्हा दगडात बांधण्यापेक्षा लाकडी चौकटीत विटांचं पातळ भरण करणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण डोक्याच्या उंचीवरून कोसळणारे दगडच त्यामुळे कमी होतात.

जी भिंत अजून सरळ आहे तिला आरपार टाके घालायचे. या कामात घाई झाली की शेजारचे दगडही सुटतात, म्हणून सावकाश वाचा. भिंतीवर खडूनं दर मीटरला एक खूण करा. वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध येईल अशी, म्हणजे अर्धा मीटर सरकवून. खुणेवरच्या एका दगडाभोवतीचा चिखल चारही बाजूंनी खरवडा. छोट्या पहारेनं दगड वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवत सैल करा आणि दोन्ही हातांनी ओढून काढा. घण मारायचा नाही. आतली भर हातानं काढत तीन इंच व्यासाचं भोक पलीकडच्या पदरापर्यंत न्या. सळईनं हलकं ठोकलं की पलीकडे उभ्या माणसाला कुठला दगड हलतो ते कळतं. तो दगड तसाच काढा. भोक दोन्ही तोंडांशी मोठं आणि मधे अरुंद, डमरूसारखं होतं, आणि तसंच व्हायला हवं, कारण ती दोन डोकी पदरांना धरून ठेवतात. भोक थोडं तिरकं झालं तरी बिघडत नाही.

भोक पाण्यानं ओलं करा. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट दोन्ही बाजूंनी निम्म्यापर्यंत भरा, मधे ८ मिमीची, दोन्ही टोकं आकड्यासारखी वळवलेली सळई ठेवा, आणि उरलेलं भोक दाबून भरा. सळईवर सगळीकडून एक इंच काँक्रीट हवं, नाहीतर ती गंजून फुगते आणि दगड स्वतःच बाहेर ढकलते. दोन फुटी भिंतीला एका सळईची लांबी आकड्यांसकट सुमारे ७५० मिमी. साडेचार मीटर लांब आणि २.७ मीटर उंच भिंतीला असे साधारण १२ टाके लागतात, म्हणजे नऊ मीटर, जेमतेम साडेतीन-चार किलो सळई आणि प्रत्येकी घमेलंभर काँक्रीट. निदान १० दिवस दोन्ही बाजूंनी पाणी मारा. चिखलाच्या भिंतीवर पाइप सोडू नका, गोणपाट ओलं करून लावा. शेजारशेजारची भोकं एकाच दिवशी उघडू नका, एक आड एक घ्या.

कंबरपट्टा

टाके पदरांना एकत्र आणतात, पट्टा चार भिंतींना. दरवाजाच्या वर, चौकटीच्या डोक्यापाशी एक, आणि छताच्या लगेच खाली दुसरा, असे दोन पट्टे घराभोवती फिरवायचे, शक्यतो आतून आणि बाहेरून. कोपऱ्यांना उभा पट्टाही द्या.

एक फूट रुंदीत जुना गिलावा काढा. दगडांमधल्या दरजा पाऊण इंच खोल खरवडून पाण्यानं धुवा. सिमेंटचा पातळ घोळ मारून त्यावर १:३ सिमेंट-वाळूचा पहिला थर, १५ मिमी, दरजांत दाबून. हा थर ओलसर असतानाच जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी वेल्डमेश जाळी, तार २ ते २.५ मिमीची, दहा इंच रुंद, सहा इंची खिळ्यांनी दर फुटाला ठोका. त्यावर दुसरा थर १५-१६ मिमीचा. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी इथे चालत नाही. ती ताण आला की उलगडते.

पट्ट्याचा जीव कोपऱ्यात असतो. जाळी कोपऱ्यावर कापायची नाही, वळवून पुढे न्यायची, आणि जोड कोपऱ्यापासून निदान चार फूट लांब, एक फूट चढवून घ्यायचा. कोपऱ्यावर तोडलेला पट्टा म्हणजे बक्कल नसलेला कमरपट्टा. आतून पट्टा शक्य नसेल तर समोरासमोरच्या भिंती १२ मिमीच्या सळयांनी छताखालून ताणून बांधा, दोन्ही टोकांना आटे आणि सहा इंची चौकोनी लोखंडी पाटी. वरचा पट्टा दर १.२ मीटरवर लोखंडी पट्टीनं सांगाड्याच्या तुळईला जोडा. भिंत आणि लाकूड यांची गाठ इथे, फक्त वर घालायची. भिंतीच्या मधल्या उंचीवर खांबाला बांधली तर कोसळणारी भिंत खांबालाच ओढून नेते.

२० मीटर घेराच्या घराला आतून-बाहेरून दोन पट्टे म्हणजे सुमारे ८० मीटर. हिशेबानं आठ-नऊ गोण्या सिमेंट बसतं, पण खडबडीत दगडात दरजा खूप खातात, म्हणून १२-१३ गोण्या धरा.

पट्टे सोडून बाकीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. चिखलाच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. सगळीकडून सिमेंट थापलं की ती ओल लाकडाकडे वळते. चुना किंवा मातीचा गिलावा ठेवा.

हे करू नका

जुन्या चिखलाच्या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकणं ही आज मराठवाड्यात दिसणारी सगळ्यांत धोकादायक 'सुधारणा' आहे. सांगाडा काढून टाकलेला, पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, आणि खाली तीच सुटी भिंत. धक्क्यात भिंत उघडली की स्लॅब अखंडच खाली येतो, त्याखाली पोकळी राहत नाही. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशा टाकलेल्या छताचीही हीच गत, शिवाय फरशा एकेक करून पडतात.

हॉल मोठा करायला मधला खांब काढू नका. तुळई लगेच वाकत नाही, म्हणून काही दिवस सगळं ठीक वाटतं. पण बाजूच्या खांबांवर दीड-दोन पट भार आलेला असतो. भिंतीतल्या देवळ्या आणि कोनाडे खोल करत जाऊ नका. कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत नवा दरवाजा किंवा खिडकी पाडू नका.

१९९३ च्या आधी हा भाग भूकंपनकाशावर सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्यात गेला. 'आपल्याकडे भूकंप होत नाही' हे वाक्य त्या पहाटेआधी शिकलेली माणसंही बोलत होती.

पैसे एकदम नसतील तर

पहिल्या उन्हाळ्यात माळवद २०० मिमीवर आणा आणि कड्या ठोकून घ्या. यात बाजारातून घ्यायचं ते कागद, खिळे आणि लागतील तेवढ्या फळ्या. बाकी खर्च मजुरीचा, आणि घरची चार माणसं असतील तर तोही कमी. दुसऱ्या वर्षी तिरपे टेकू आणि खांबांचे पाय. तिसऱ्या वर्षी ज्या खोलीत घर झोपतं तिच्या भिंतींचे टाके आणि पट्टा, मग उरलेल्या खोल्या.

तोवर अंथरुणं भिंतीपासून ओढून खणाच्या मधे घाला. उतरंडी, धान्याची पोती, माळ्यावरची जुनी भांडी आणि दगडी जातं झोपण्याच्या जागेवरून हलवा. घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं दरवाजाजवळच्या खणात झोपू द्या, आणि तो दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडेल असा करून घ्या. आत उघडणारं दार ढिगाऱ्यानं अडतं.